परदेशात गेलेला भारतीय माणूस तिथल्या पॉप संगीतात प्रोड्यूसर म्हणून खरंच नाव काढू शकतो का? असं कुणी केलंय का?

केलंय की. त्याचं काम तुम्ही नक्की ऐकलंय, नाव लक्षात राहिलं नसेल इतकंच. बिड्डू.

१९८१च्या गणेशोत्सवात मी लालबागच्या एका ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचो. त्याच्याच ‘आप जैसा कोई’ची फर्माईश आली नाही असा त्या वर्षी एकही मंडप आठवत नाही, आणि दर वेळी आमची पंचाईत. रेकॉर्डवर नाझिया हसनचा आवाज एकावर एक चढवल्यासारखा भरीव येतो. आम्ही एको मशीनचं बटण पिळून पाहिलं, तर शब्दांचा काला झाला. शेवटी दोन मुलींना एकाच माइकसमोर उभं केलं. एक जरा मागे राहिली की पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसायची. तेव्हा डोक्यात शिरलं की चाल लावणं हे एक काम आणि ते गाणं रेकॉर्डवर कसं वाजेल हे ठरवणं दुसरंच. आपल्याकडे ते संगीतकार, अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट मिळून निभावतात. तिकडच्या पॉपमध्ये शेवटचा शब्द प्रोड्यूसरचा.

बिड्डू मूळचा बंगळूरचा. तिथे ट्रोजन्स नावाच्या बँडमध्ये गायचा. १९६७मध्ये लंडनला पोचला, ओळखपाळख शून्य. अमेरिकन वकिलातीच्या स्वयंपाकघरात काम करून पैसे साठवायचा आणि त्यातून स्टुडिओचे तास विकत घ्यायचा. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं ‘नाव काढणं’ बर्गर भाजण्यापासून सुरू झालं.

खरी गंमत १९७४ची. जमैकाहून आलेल्या कार्ल डग्लसकडून त्याला एक गाणं गाऊन घ्यायचं होतं. स्टुडिओ तीन तासांचा. बहुतेक वेळ त्या मुख्य गाण्यातच गेला. पण तबकडीला दुसरी बाजू असतेच, तिथे काहीतरी भरायला हवं. डग्लसने आपल्याजवळचे शब्द दाखवले, त्यातलं ‘कुंग फू फायटिंग’ बिड्डूने उचललं आणि उरलेल्या दहाएक मिनिटांत दोन टेकमध्ये उरकलं. मागची बाजू कोण ऐकतंय म्हणून ते ‘हूं’, ‘हा’चे हुंकार बिनधास्त कोंबले. ‘पाय’ (Pye) या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने ऐकलं आणि म्हणाला, हीच पुढची बाजू. रेडिओवाल्यांनी सुरुवातीला हिंग लावूनही विचारलं नाही. डिस्कोमध्ये नाचणाऱ्यांनी ते उचललं. त्याच वर्षी ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरला. एक बंगळूरचा, एक किंग्स्टनचा, आणि गाणं हाँगकाँगच्या मारामारीच्या सिनेमांच्या लाटेवरचं! १९७६मध्ये टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं, तेही त्याचंच.

या दोन्ही गाण्यांत सतार नाही, तबला नाही. बीटल्सनंतरच्या लंडनमध्ये भारतीय माणसाने सतार हातात धरली असती तर कौतुक झालं असतं, पण मला वाटतं, मग तो कायमचा ‘पाहुणा कलाकार’च राहिला असता. बिड्डूने त्यांच्या नाचाचं गाणं त्यांच्याच ठेक्यात करून दिलं.

भारताने त्याला बोलावलं ते त्यानंतर. फिरोज खानच्या ‘कुर्बानी’चं (१९८०) बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, ‘आप जैसा कोई’ हे एकच गाणं बिड्डूचं, रेकॉर्डिंग लंडनमधलं. नाझिया तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची, तीही लंडनमध्येच राहणारी पाकिस्तानी मुलगी. तिला फिल्मफेअर मिळालं. पाठोपाठ १९८१मध्ये ‘डिस्को दीवाने’.

मग १९९५मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’. त्याच्या व्हिडिओत पेटीतून बाहेर येणारा आपला शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण सगळ्यांना आठवतो, बिड्डू पुन्हा कुणालाच नाही. प्रोड्यूसर व्हायचं असेल तर याची तयारी ठेवा, नाहीतर सरळ गायक व्हा.

तोवर आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. ते गाणं मी पहिल्यांदा समोरासमोर ऐकलं एका हळदीत, बेंजो पार्टीकडून. बेंजोवाल्याने अलिशाची आख्खी चाल एकट्याने खेचली, एको भरपूर लावून. या वेळी शब्दच नव्हते, त्यामुळे काला व्हायचा प्रश्न नव्हता.