प्रश्न तुमचे: हेडसेट लावून विमान शिकता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे, सायन्स घेतलंय. त्याला पायलट व्हायचंय. मामानं अमेरिकेहून डोळ्यांवर लावायचा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट आणून दिला, तेव्हापासून दोन्ही हातांत कंट्रोलर धरून रोज रात्री विमान उडवणं चालू आहे. 'आई, हे खरं शिक्षण आहे,' म्हणतो. आता त्याला पेडल आणि जॉयस्टिक हवी आहे. यातून खरंच काही शिकणं होतं का, की नुसता खेळ?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे, पण ते त्याच्या डोळ्यांपुरतं. हातापायांचं शिक्षण त्या कंट्रोलरमधून होत नाही.

मी बरीच वर्षं सेसना १७२ या छोट्या विमानावर विद्यार्थ्यांना शिकवलं. नवी मुलं सर्वात जास्त अडतात ती सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून उतरण्यात. धावपट्टीला समांतर, जमिनीपासून हजार फुटांवर, उतरायच्या उलट दिशेनं जायचं आणि धावपट्टी डाव्या हाताला ठेवायची. उतरायची जागा पंखाच्या रेषेत आली की पॉवर कमी करून फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, १० अंश खाली. मग मान वळवून मागे बघत राहायचं. ती जागा खांद्यामागे ४५ अंशांवर गेली की बेस लेगला, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्यात, वळायचं. हे बघणं फळ्यावर शिकवता येत नाही. घरच्या सपाट स्क्रीनवरही येत नाही, कारण तिथे डावीकडे बघायला बटण दाबावं लागतं आणि तेवढ्यात विमानाचं नाक कुठल्या कुठे गेलेलं असतं. स्क्रीनवर सराव करून आलेली मुलं विमानात बसली की मीटरवरून नजर काढत नाहीत. हेडसेटवाली मुलं मान वळवतात, क्षितिज बघतात, धावपट्टी शोधतात. एवढ्यासाठी मी हेडसेटच्या बाजूनं ठामपणे उभा आहे.

आता हात. कंट्रोलरच्या ग्रिपचं बटण दाबून तो चित्रातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पकडतो आणि हवेत हात हलवतो. कंट्रोलर फार तर थरथरेल, उलटा जोर देणार नाही. खऱ्या १७२ मध्ये वेग वाढला की योक जड होतं, उतरला की ढिलं पडतं. फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ६५ नॉट्सवर (ताशी सुमारे १२० किलोमीटर) येऊन धावपट्टीच्या जरा वर विमान धरून ठेवताना वेग पडत जातो, तसतसं योक आणखी आणखी मागे खेचावं लागतं. किती खेचलं ते मनगटाला कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. ट्रिमचं चाक तर या जोरासाठीच असतं: हातावरचा भार जाईपर्यंत ते फिरवायचं. योकला भारच नसेल तर मुलगा ट्रिमला हात तरी कशाला लावेल? ही सवय मग खऱ्या विमानात, तासाला हजारो रुपये मोजून मोडावी लागते.

पायांचंही तेच. पेडल नसले की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग, कंट्रोलरवरच्या अंगठ्याच्या काडीवर जातो, नाहीतर मनगट पिळून द्यावा लागतो. टेक-ऑफला पूर्ण पॉवर दिली की १७२ डावीकडे ओढतं, तेव्हा उजवा पाय न सांगता पुढे गेला पाहिजे. अंगठ्याला ती सवय लावून काय उपयोग?

म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी पेडल घ्या, जॉयस्टिक नंतर. हँड कंट्रोलर अडगळीत टाकू नका, ते स्विचसाठी ठेवा. हेडसेट लावल्यावर कीबोर्ड दिसत नाही. फ्लॅप, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनाची ठिणगी), फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा खटका) हात पुढे करून जागच्या जागी फिरवले की चेकलिस्ट छान अंगवळणी पडते. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये २०१८ पासून हँड कंट्रोलर चालतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये व्हीआर डिसेंबर २०२० मध्ये आलं, कंट्रोलरची सोय त्यानंतर. व्हीटीओएल व्हीआर हा गेम तर हँड कंट्रोलरसाठीच बनवलेला आहे आणि सुरेख आहे, पण त्यातली विमानं लढाऊ. तुमच्या मुलानं एक्स-प्लेनमधल्या १७२ वर सर्किट मारावीत.

व्यावसायिक मंडळीही हेच करतात. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं, म्हणजे 'इआसा'नं, एप्रिल २०२१ मध्ये व्हीआरवर आधारलेल्या पहिल्या प्रशिक्षण यंत्राला मान्यता दिली. ते रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचं होतं. त्यात हेडसेट फक्त नजरेसाठी. कॉकपिट, काठी, पेडल सगळं खऱ्या मापाचं, आणि खाली हलणारं व्यासपीठ. अमेरिकी हवाई दलानं २०१८ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला व्हीआरवर वैमानिक तयार करायचा प्रयोग सुरू केला, तिथेही विद्यार्थ्यांच्या हातापायांशी काठी, थ्रॉटल (पॉवरचा दांडा) आणि पेडल होते.

घरी उडवलेले तास लॉगबुकात चढत नाहीत, हे मुलाला आत्ताच सांगा. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात आणि ते घरी बसून होत नाहीत. आणि ताई, पेडलच्याही आधी त्याची क्लास २ मेडिकल, म्हणजे वैमानिकाची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंग ओळखण्यातला दोष घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो, आणि सगळी स्वप्नं रंगवून झाल्यावर तो कळला की पोरगं पार खचून जातं.

प्रश्न : निवृत्तीनंतर हौसेनं हेडसेट घेतला. पाच-दहा मिनिटांत मळमळतं, घाम फुटतो. वयामुळे असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, तरुणांनाही होतं. डोळे सांगतात विमान वळतंय, कानातला तोलाचा अवयव सांगतो आपण खुर्चीत स्वस्थ आहोत. सरावानं बऱ्याच जणांचं कमी होतं, पण रेटून नाही. पहिला घाम आला की हेडसेट काढायचा, त्या दिवशी पुन्हा लावायचा नाही. सुरुवात हवेतून, सरळ उड्डाणापासून करा. टॅक्सीनं, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेण्यानं, जास्त गरगरतं. कंट्रोलरच्या काडीनं नजर फिरवू नका, मान वळवा. चित्र अडखळत असेल तर ढग आणि झाडांची सेटिंग कमी करा, ते फार महत्त्वाचं आहे. भिंगांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या, तोंडावर पंखा सोडा. आणि लगेच स्कूटर काढू नका.

प्रश्न : जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला विमान आणलं, तो मार्ग हेडसेट लावून उडवता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर, आणि याच्याइतका सुंदर सराव मला दुसरा सुचत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला टाटा पस मॉथ हे छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. रेडिओ नव्हता, खाली बघून वाट काढायची. तुम्हीही जीपीएस बंद करा. सगळा मार्ग एका दमात नको. अहमदाबाद ते जुहू घ्या. १०० नॉट्सनं साधारण अडीच तास, मध्ये सुरतेला उतरून डोळ्यांना विश्रांती. मही, नर्मदा, तापी याच क्रमानं नद्या लागतील, समुद्र उजव्या हाताला राहील. हेडसेटमध्ये काचेला डोकं टेकवून पंखाखाली बघता येतं, म्हणून नदीचं वळण ओळखता येतं. कागदी नकाशा मात्र हेडसेटमधून दिसत नाही, त्यामुळे नद्या आणि गावं आधीच पाठ करा.

शेवटी जुहू शोधताना घाई करू नका. शेजारीच सांताक्रूझची मोठी धावपट्टी आहे, दिशा जवळपास तीच. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. जुहूची धावपट्टी आखूड आहे आणि समुद्राच्या जास्त जवळ आहे. तेवढं बघूनच फ्लॅप सोडा.