पावसाचे मिलिमीटर आणि टाकीतले लिटर

गेल्या अंकात ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांची आणि वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांची, पण चारही जण चुंबकीय फ्लक्सपाशीच अडले आहेत. आयटीआयमध्ये मी एकतीस वर्षं वाइंडिंगचा ट्रेड शिकवला. मुलांचे हात लवकर तयार व्हायचे, पण हा एक शब्द मात्र शेवटपर्यंत धूसर राहायचा. म्हणून या वेळी जरा सावकाश सांगतो.

लातूरहून बारावीत शिकणारी एक वाचक विचारते: सर, वेबर, टेस्ला, गॉस आणि मॅक्सवेल ही चारही एककं मला पाठ आहेत, पण कशाचं काय मोजतात ते दर वेळी उलटसुलट होतं. फ्लक्स आणि चुंबकीय क्षेत्र यांत फरक तरी काय?

तुझ्या लातूरला पावसाचा आकडा लोकांना पाठ असतो, तेव्हा तिथूनच सुरू करू. ‘आज २० मिलिमीटर पाऊस झाला’ एवढ्यावरून तुमच्या टाकीत किती पाणी पडलं ते कळत नाही. त्यासाठी गच्ची केवढी ते हवं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची ५० चौरस मीटरची असेल तर २० मिलिमीटरचे हजार लिटर झाले. शेजाऱ्याची गच्ची दुप्पट मोठी असेल तर त्याचे दोन हजार. पाऊस मात्र दोघांकडे सारखाच.

टेस्ला आणि गॉस हे पावसाचे मिलिमीटर आहेत. एखाद्या जागी चुंबकत्व किती दाट आहे ते त्यांनी कळतं. वेबर आणि मॅक्सवेल हे टाकीतले लिटर. अमुक एका वेढ्यातून एकूण किती चुंबकत्व आरपार गेलं, ते म्हणजे फ्लक्स. काही मराठी पुस्तकांत त्याला अभिवाह म्हटलेलं दिसेल. एक टेस्लाचं क्षेत्र एक चौरस मीटरच्या वेढ्यातून सरळ आरपार गेलं तर फ्लक्स एक वेबर. वेढा तिरका धरला तर कमी भरतो, जसं पावसात ताट कलतं धरल्यावर कमी पाणी पडतं. फ्लक्सच्या सूत्रातला कोसाइन तो हाच. वेढा पुरता आडवा केला, म्हणजे क्षेत्राच्या दिशेला समांतर, की फ्लक्स शून्य.

गोंधळाचं खरं कारण म्हणजे ही चार नावं दोन वेगवेगळ्या पद्धतींतली आहेत. टेस्ला आणि वेबर आजच्या एसआय पद्धतीतले, तर गॉस आणि मॅक्सवेल जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतले. एक टेस्ला म्हणजे १०,००० गॉस. एक वेबर म्हणजे १० कोटी मॅक्सवेल. गॉस आणि वेबर हे प्रत्यक्षात जिवलग सहकारी होते. १८३३ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावात दोघांनी मिळून घरांच्या छपरांवरून तार नेली आणि चुंबकसुईच्या हालचालीवर निरोप पाठवले. एकत्र काम केलेल्या या दोघांची नावं एककांमध्ये मात्र दोन वेगळ्या घरांत पडली, याची मला नेहमी चुटपुट लागते.

आता आकड्यांना जरा जिवंत करू. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं नाव तू ऐकलं असशील. आधी ही मोजमापं मुंबईत कुलाब्याला व्हायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विजेने सुया बिघडतील हे ओळखून काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. ही काळजी मला फार मोलाची वाटते. तिथे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४२ ते ४३ मायक्रोटेस्ला आहे आणि त्यातला आडवा, उत्तरेकडे जाणारा भाग सुमारे ३८.

मुलींच्या खेळातली प्लास्टिकची मोठी रिंग घे. ८० सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर भरतं. ती उत्तरेकडे तोंड करून उभी धरलीस की तिच्यातून १९ मायक्रोवेबर जातात. तिच्यावर बारीक एनॅमल तारेचे शंभर टर्न गुंडाळ, दोन टोकं कॉलेजच्या गॅल्व्हानोमीटरला जोड आणि रिंग झटकन उलटी कर. फ्लक्स अधिक १९ वरून उणे १९ वर गेला, म्हणजे ३८ ने बदलला. शंभर टर्नचे मिळून ३८०० मायक्रोवेबर. अर्ध्या सेकंदात उलटलीस तर सरासरी साडेसात मिलिव्होल्ट. काटा हलेल. पृथ्वीच्या चुंबकत्वातून स्वतःच्या हातांनी काढलेली वीज पहिल्यांदा पाहताना माझ्या वर्गातली आडदांड पोरंही गप्प होत.

इथेच वेबरची दुसरी ओळख मिळते. एका टर्नमधून जाणारा एक वेबर फ्लक्स एका सेकंदात एकसारखा कमी होत शून्यावर आला तर त्या टर्नमध्ये एक व्होल्ट उभा राहतो. म्हणून वेबर म्हणजेच व्होल्ट-सेकंद. मला विचारशील तर पाठ करायची ती ही व्याख्या. बाकीचं सगळं तिच्यातून काढता येतं.

इचलकरंजीहून एक वाइंडर लिहितात: स्टॅबिलायझरचा जळालेला ट्रान्सफॉर्मर आला होता. लोखंडी कोअरची मधली जीभ ३८ मिलिमीटर रुंद, पट्ट्यांची थप्पी ५० मिलिमीटर जाड. प्रायमरीला, म्हणजे लाइनकडच्या गुंडाळीला, ५४५ टर्न होते. हातात जाड तार होती, कोअरच्या खिडकीत, म्हणजे गुंडाळीच्या मोकळ्या जागेत, मावेना, म्हणून ४०० टर्नच भरले आणि सेकंडरी, म्हणजे बाहेर व्होल्ट देणारी गुंडाळी, त्याच प्रमाणात कमी केली. व्होल्टेज बरोबर येतं. पण सेकंडरीला काहीही जोडलेलं नसताना मोठ्याने गुणगुणतो, तापतो आणि रात्री तर हात लावू देत नाही. लोड नाही तर तापतो कशाने?

तुम्ही टर्नचं प्रमाण सांभाळलंत म्हणून व्होल्टेज बरोबर आलं. पण टर्नचा आकडा नुसत्या प्रमाणासाठी नसतो. त्याने आणखी एक गोष्ट ठरते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

प्रायमरीला २३० व्होल्ट लावले की तिच्यातून तेवढ्याच ताकदीचा उलटा दाब उभा राहावा लागतो. तो फक्त बदलत्या फ्लक्समधून येतो. फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून हेच पाहिलं. बॅटरी जोडताना सुई उडाली, तोडताना उलट्या बाजूला उडाली आणि मधल्या काळात, वीज व्यवस्थित वाहत असताना, ढिम्म राहिली. फ्लक्स नुसता असून भागत नाही, तो बदलावा लागतो. आपल्या लाइनमध्ये तो सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, म्हणजेच ५० हर्ट्झ. एकेका टर्नच्या वाट्याला किती व्होल्ट येतात, ते ४.४४ गुणिले ५० गुणिले कोअरमधला जास्तीत जास्त फ्लक्स, असं निघतं.

आता उलटीकडून बघा. व्होल्ट लाइनने ठरवले, ५० हर्ट्झही लाइनने ठरवले, टर्न तुम्ही ठरवलेत. मग फ्लक्सला मोकळीक उरलीच नाही. ५४५ टर्नला प्रत्येकी ०.४२ व्होल्ट येत होते, त्यासाठी १.९ मिलिवेबर पुरत होते. ४०० टर्नला प्रत्येकी ०.५७५ व्होल्ट हवेत, म्हणजे २.५९ मिलिवेबर. कोअर तोच. तुमचं मापाने क्षेत्रफळ १९ चौरस सेंटिमीटर, पण पट्ट्यांवरचं वार्निश आणि मधल्या फटी वजा केल्या तर खरं लोखंड १७ च्या आसपास. तेवढ्यात आधी १.१२ टेस्ला दाटी होती, ती १.५२ वर गेली. आणि रात्री माग बंद झाले, लाइन २६० वर चढली की १.७२.

साधं स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरच्या पट्ट्यांचं लोखंड, दीड टेस्लाच्या पुढे गेलं की भरून जातं. भरलेल्या घड्यात आणखी पाणी ओतावं तसं होतं. पण लाइन ऐकत नाही, तिला तेवढा फ्लक्स हवाच असतो. तो थोडासा जास्तीचा फ्लक्स रेटण्यासाठी प्रायमरी कितीतरी पट करंट ओढते. सेकंडरी मोकळी असतानाही तार तापते ती या करंटने, आणि वर कोअरही स्वतः तापतो.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो, कारण अनुभवी कारागिरांचाही तिथे समज चुकतो. लोड वाढला म्हणून कोअरमधला फ्लक्स वाढत नाही. सेकंडरीत करंट वाहू लागला की तो फ्लक्सला विरोध करतो, प्रायमरी तेवढाच जास्तीचा करंट ओढून तो विरोध पुसते आणि फ्लक्स जवळजवळ होता तिथेच राहतो. म्हणून लोडसाठी तारेची जाडी बघायची आणि कोअरसाठी टर्न. या दोन्हींची अदलाबदल चालत नाही.

दुकानात चालतं ते ४५ चं गणित वरच्या ४.४४ च्या सूत्रातूनच आलंय. ४५ भागिले कोअरचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे एका व्होल्टला किती टर्न. ४५ भागिले १९ म्हणजे २.३७, गुणिले २३० केले की ५४५. तुमचा जुना वाइंडर बरोबर होता. हा ४५ एक टेस्ला धरून काढलेला आहे, म्हणून त्यात सांभाळून घ्यायला जागा राहते.

मी शिकाऊ होतो तेव्हा गंजलेल्या, फुगलेल्या थप्पीवर कॅलिपर लावून क्षेत्रफळ घेतलं होतं. पट्ट्या दाबून घट्ट केल्याच नव्हत्या. क्षेत्रफळ जास्त आलं, टर्न कमी पडले आणि एका शेतकऱ्याचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याच रात्री जळाला. त्याने तो हातात धरून विचारलेलं ‘काय चुकलं?’ मी विसरलेलो नाही. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर देतोय ते त्यासाठीही.

तेव्हा पुन्हा ५४५ टर्न भरा आणि मावेल तेवढ्याच जाडीची तार घ्या. त्यात लागणारा करंट बसत नसेल तर मोठा कोअर घ्यावा लागेल. गिऱ्हाइकाला देण्याआधी सेकंडरी मोकळी ठेवून १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे लाइनच्या वाटेतच जोडलेल्या बल्बमधून, प्रायमरीला लाइन द्या. बल्बची तार जेमतेम लाल दिसली तर ठीक. बल्ब उजळला तर कोअर भरतोय किंवा कुठे तरी टर्न शॉर्ट आहेत.

पुण्याहून एक आजोबा विचारतात: न्यू जर्सीत राहिलेल्या भावाचा जुना रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे आला आहे. त्यावर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलंय. ११० व्होल्टचा कन्व्हर्टर लावला तर चालेल ना?

आजोबा, कन्व्हर्टर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. वरच्या उत्तरातलंच गणित इथे लागू होतं. हर्ट्झ कमी झाले की तेवढेच व्होल्ट उभे करायला फ्लक्स जास्त लागतो. ६० वरून ५० वर आल्याने फ्लक्स २० टक्के वाढला असता, पण व्होल्टही १२० चे ११० झाले म्हणून प्रत्यक्षात वाढ १० टक्के राहील. जुन्या, भक्कम बनावटीच्या ट्रान्सफॉर्मरला ती सहसा सोसते. अर्धा तास चालवून हाताने तपासा.

तुमची खरी अडचण वेगळी असेल. मोटर लाइनच्या हर्ट्झवर फिरणारी असेल तर तबकडी सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि गाण्याचा सूर खाली उतरेल. काही बनावटींत मोटरच्या दांड्यावरची छोटी पुली ५० हर्ट्झची बसवता येते. प्लेअर नव्याने चालू करण्याआधी जाणकाराकडून तेवढं बघून घ्या. भावाच्या रेकॉर्डी आहेत, त्या मूळ सुरातच ऐकाव्यात.

रत्नागिरीहून एसी दुरुस्ती करणारे एक वाचक लिहितात: तांब्याच्या नळीत छोटं, ताकदवान चुंबक सोडलं तर ते तरंगत आल्यासारखं खाली येतं. तांब्याला तर चुंबक चिकटत नाही, मग ते अडवतं कोण?

चुंबक खाली सरकतं तसा नळीच्या प्रत्येक कड्यातला फ्लक्स बदलतो. वरच्या कड्यात तो कमी होतो, खालच्या कड्यात वाढतो. बदलला की व्होल्ट आले, आणि तांबं सलग असल्याने करंट गोल फिरू लागला. तो करंट कोणत्या दिशेने फिरतो, ते सेंट पीटर्सबर्गच्या लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये मांडलं. ज्या बदलामुळे तो जन्मला, त्या बदलालाच तो विरोध करतो. खालची कडी चुंबकाला वर ढकलतात, वरची मागे ओढतात. फॅरेडेच्या नियमाच्या सूत्रातलं उणे चिन्ह ते हेच. उलटं असतं तर चुंबक आपोआप वेग घेत गेलं असतं आणि फुकटची ऊर्जा मिळाली असती. तसं होत नाही. पडताना गमावलेली ऊर्जा तांबं किंचित तापवण्यात जाते.

नळीला उभा काप द्या आणि पुन्हा सोडून बघा. चुंबक लवकर खाली येईल, कारण पूर्ण गोल फिरायची वाट तुटली. ट्रान्सफॉर्मरचा कोअर अखंड ठोकळ्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांचा करतात तोही याचसाठी, फिरत्या करंटची वाट तोडायला. इचलकरंजीच्या वाचकांनी म्हणून एवढं सांभाळावं: जुनी थप्पी उकलताना गंज काढायला पट्ट्या पॉलिश पेपरने घासू नका. वरचा वार्निशचा थर गेला तर पट्ट्या एकमेकींना भिडतील आणि ५४५ टर्न भरूनही कोअर तापेल. ज्या पट्ट्यांचा थर उडालाय, त्यांना पुन्हा पातळ वार्निश मारा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.