नव्वदीची नायिका, चुलीतले पिशाच्च आणि न सांगता येणारा करार

प्रश्न : माझ्या भाचीने आग्रहाने दिलेली डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही इंग्रजी कादंबरी मी सध्या वाचत आहे. किशोरांसाठीची अद्भुतरम्य कादंबरी आहे, तीत प्रेमकथा आहे आणि रहस्यही आहे, असे तिने सांगितले होते. एकवीसपैकी अकरा प्रकरणे संपली, तरी ना खून झाला, ना कोणावर संशय घ्यावा असे काही घडले. नायिका आरंभीच शापाने नव्वदीची म्हातारी होऊन बसली आहे आणि नायक तासन्तास न्हाणीघरात केस रंगवत असतो. मग प्रेम करायचे कोणी आणि केव्हा? त्यात भर म्हणजे जादूच्या राज्यात चाललेली गोष्ट अचानक मोटारी आणि टीव्ही असलेल्या जगात जाऊन पोहोचली. गंमत अशी, की पुस्तक खाली ठेववत नाही, आणि तरीही काहीतरी हातून निसटते आहे असे सारखे वाटते. शेवट न सांगता हे पुस्तक कसे वाचावे, ते सांगाल का?
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर : बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेला वाचक गुन्हेगार शोधत पाने उलटतो, आणि या कादंबरीत त्या सवयीचा उपयोग होत नाही. येथे शोधायचे आहे ते एवढेच, की कोण काय बोलू शकत नाही. नायिका सोफीला आपल्यावर शाप आहे हे कोणालाही सांगता येत नाही, कारण गप्प राहणे हा त्या शापाचाच भाग आहे. चुलीत ज्वाळेच्या रूपाने राहणारे कॅल्सिफर हे पिशाच्च तिला सांगते, की जादूगार हाउलशी झालेला माझा करार तू मोडलास तर मी तुझा शाप उतरवीन. पण त्या करारातले मुख्य कलम उच्चारण्याची त्यालाही बंदी आहे, त्यामुळे ते फक्त आडून आडून सुचवू शकते. तीच बंदी हाउलवरही आहे, आणि तो तर साध्या प्रश्नाचेही सरळ उत्तर देत नाही. अशा तीन मुक्यांच्या घरात तपासाचे काम येते ते हातात झाडू घेतलेल्या एका म्हातारीकडे. हाउल तरुण मुलींची काळजे खातो, अशी गावात वदंता असल्यामुळे सोफी साफसफाईच्या निमित्ताने वाड्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळते, आणि तिला काळजांऐवजी कोळ्यांची जाळी, केसांच्या रंगांच्या पुड्या आणि न आवरलेली खोली सापडते. गुप्तहेराची इतकी घरगुती आणि इतकी धांदरट आवृत्ती दुसरी माझ्या वाचनात नाही.

आपल्या हातून जे निसटते आहे, ते बहुधा पहिल्या प्रकरणात राहिले आहे. पुढे जाण्यापूर्वी ते प्रकरण पुन्हा वाचावे. टोप्यांच्या दुकानात एकटी बसलेली सोफी कंटाळून टोप्यांशीच बोलते. एका अगदी साध्या टोपीची तिला दया येते, आणि तुझे मन सोन्यासारखे आहे, कोणीतरी मोठा माणूस तुझ्या प्रेमात पडेल, अशी ती तिची समजूत घालते. ती टोपी घेऊन गेलेल्या मुलीचे पुढे काय झाले, याची बातमी लेखिका गिऱ्हाइकांच्या गप्पांतून इतक्या सहज देते, की आपण हसून पान उलटतो. त्यानंतर सोफी हातातल्या काठीला काय बोलते, कुंपणात अडकलेल्या बुजगावण्याला काय बोलते, हाउलचा करडा-लाल अंगरखा शिवताना त्याला काय बोलते, हे एका ओळीत मांडून पाहावे. याहून अधिक मी सांगत नाही. मात्र एक नक्की, की दुवे कोठेही दडवलेले नाहीत. ते उजेडात ठेवले आहेत आणि त्यांच्यावर विनोदाचे पांघरूण घातले आहे.

आता प्रेमाविषयी. वसंतोत्सवाच्या दिवशी हाउल सोफीला रस्त्यात भेटतो आणि गोड बोलतो, तेव्हा ती इतकी बावरते, की तेथून कधी एकदा सुटते असे तिला होते. तीच सोफी म्हातारी झाल्यावर त्याच्या घरात बिनबोलावता शिरते, त्याच्या चुलीपाशी खुर्ची ओढून बसते आणि त्याला फैलावर घेते. आपल्याकडेही घरातली आजी जे बोलून जाते ते सुनेने बोललेले खपत नाही. वयाची ही सवलत सोफीला शापातून मिळते, आणि प्रेमकथा सुरू होते ती तेथून, कारण आता तिला हाउलवर छाप पाडायची नाही आणि त्यालाही तिच्यावर पाडायची नाही. रंगांच्या पुड्या सोफीने हलवल्यामुळे केसांचा रंग बिघडला, तेव्हा तो घरभर हिरवा चिकट द्रव पसरवून आकांत मांडतो. हे ध्यान तिने जवळून पाहिलेले असते. त्याच्या दारात येऊन बसलेल्या अनाथ मायकेलला त्याने काही न विचारता ठेवून घेतले, हेही तिला त्याच घरात कळते. तो उधळ्या आहे, भित्रा आहे, मुलगी प्रेमात पडली की त्याचा रस संपतो, आणि तरीही गाव म्हणते तसा तो दुष्ट नाही. रहस्याचा एकेक धागा सुटतो तसे हाउलविषयीचे तिचे मत, आणि आपलेही, बदलत जाते. रहस्य आणि प्रेम वेगवेगळे शोधत राहिल्यास दोन्ही हाती लागत नाहीत, याचे कारण हेच आहे.

मराठीत अद्भुतरम्य कादंबरी नवी नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आली. ताटातूट, कपटी खलपुरुष, संकटे आणि पुनर्भेट हा तिचा मार्ग. त्या परंपरेत नायक-नायिका परस्परांना योग्य आहेत की नाहीत, हा प्रश्नच नसतो. त्यांची भेट कधी होणार, एवढीच उत्कंठा असते. येथे दोघे एका छपराखाली राहतात, रोज भांडतात, आणि प्रश्न असतो तो माणसाच्या पारखीचा.

आपण जेथे थांबला आहात ते घर वेल्समधले आहे. वाड्याच्या दाराच्या मुठीला चार रंग आहेत, आणि काळा रंग खाली केला की दार आपल्या जगात उघडते. हा लेखिकेचा लहरीपणा नव्हे. हाउल कोण आहे, हे कळण्यासाठी त्याचे माहेर पाहणे आवश्यक होते. (पुरुषाला माहेर नसते म्हणतात, पण बहिणीच्या घरी बोलणी खाणाऱ्या हाउलला पाहून दुसरा शब्द सुचत नाही.) त्या घराचे नाव रिव्हेंडेल आहे. हे नाव 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कार टॉल्किन यांच्या कादंबरीतल्या एका स्थळाचे, आणि ऑक्सफर्डमध्ये त्यांची व्याख्याने ऐकलेल्या लेखिकेने त्यांना काढलेला हा चिमटा आहे. तेथे भाच्याच्या गृहपाठातून जी कविता निघते ती जॉन डन या सतराव्या शतकातल्या इंग्रज कवीची खरोखरची कविता आहे. तुटता तारा पकडण्यासारख्या अशक्य गोष्टी तीत एकामागून एक सांगितल्या आहेत. ती यादी कागदावर लिहून पुस्तकात ठेवावी आणि पुढे वाचताना एकेक ओळीवर खूण करीत जावे. कोणती ओळ केव्हा खरी ठरली, हे अनेकदा घडून गेल्यावरच ध्यानात येते.

शेवटाबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. अखेरच्या दोन प्रकरणांत इतक्या गाठी एकदम सुटतात, की कोण कोणाच्या रूपात वावरत होते, याचा पहिल्या वाचनात मेळ लागत नाही. तेथे वेग कमी करावा.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी हीच कादंबरी मागते आहे. 'प्रेमकथा' हा शब्द ऐकून घरातील वडीलधारे साशंक आहेत. द्यावी काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : निःशंक द्यावी. वडीलधाऱ्यांना आक्षेप घ्यावा असे तीत काही नाही. भाषा सोपी आहे, मात्र विनोद तिरकस आहे, आणि शाळेत मराठी माध्यम असल्यास पहिली दोन प्रकरणे कोणीतरी सोबत बसून वाचणे बरे. मुलगी घरातली थोरली असेल तर तिला ती अधिक जवळची वाटेल. परीकथांमध्ये तीन भावंडांतल्या धाकट्याचे भाग्य उजळते आणि थोरला प्रथम फसतो. आपल्या कहाण्यांतही धाकटीचा मान वेगळाच असतो. तीन बहिणींतली थोरली सोफी हा नियम इतका खरा मानते, की आपल्या हातून काही होणारच नाही, असे तिने आधीच ठरवून टाकलेले असते. लेखिका स्वतः तीन बहिणींमधली थोरली होती.

प्रश्न : मी जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा या कादंबरीवरचा चित्रपट पाहिला आहे. आता कादंबरी वाचण्यात अर्थ आहे का? आवडल्यास पुढे काय वाचावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : अवश्य आहे. कादंबरी 1986 ची आणि चित्रपट 2004 चा. नावे आणि पात्रे तीच असली तरी दोन्हींचे लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी आहे. चित्रपटात युद्ध पुढे येते, वेल्स पूर्णपणे गळते, आणि त्याबरोबर डनची कविताही. सोफीच्या दोन बहिणींपैकी एकच उरते, त्यामुळे बहिणींची अदलाबदल हे कादंबरीतले लोभस उपकथानक तेथे नाही. सोफीला शाप देणारी उजाड प्रदेशातली चेटकीण पडद्यावर पुढे केविलवाणी होते; पुस्तकात ती अखेरपर्यंत धोकादायक आहे. मला स्वतःला पुस्तकातला हाउल अधिक आवडतो, कारण तो कमी देखणा आणि अधिक त्रासदायक आहे. म्हणजे चित्रपट पाहिल्यामुळे आपला रहस्याचा आनंद फारसा कमी झालेला नाही.

पुढे वाचण्यासाठी याच जगातल्या आणखी दोन कादंबऱ्या आहेत, एक 1990 ची 'कॅसल इन द एअर' आणि दुसरी 2008 ची 'हाउस ऑफ मेनी वेज'. पहिलीचा नायक अब्दुल्ला नावाचा गालिचे विकणारा तरुण आहे आणि तिचा बाज अरबी कथांचा आहे. सोफी आणि हाउल तीत बऱ्याच उशिरा प्रकट होतात, आणि तेही ओळखू येतील अशा रूपात नव्हे. तेव्हा पहिल्या शंभर पानांत ती दिसली नाहीत म्हणून पुस्तक मिटू नये.