आबांचं लांब पाकीट

प्रश्न : आमचे आबा केळीच्या धंद्यात होते, बंडीच्या आतल्या खिशात कायम एक लांबलचक चामड्याचं पाकीट असायचं त्यांच्या. माळ्यावरची ट्रंक आवरताना तेच सापडलं, आत हजाराची जुनी एक नोट पण निघाली. पोरगा म्हणतो आता सगळं फोनवर चालतं, हे कोण वापरणार, आणि आजी म्हणते "आबानं पाकीट शे, फेकू नको". एवढं लांब शिवायचेच कशाला? आणि आता वापरता येईल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, आजींचं ऐका. आणि लांब कशाला ते त्या पाकिटातच पडलंय, ती हजाराची नोट काढून पट्टीने मोजा, 17.7 सेंटिमीटर भरेल. आताची पाचशेची 15 आणि जांभळी शंभराची तर 14.2. म्हणजे पाकीट नोटेच्या मापाने शिवलेलं, कारण व्यापारी माणसाला घडी पडलेली नोट आवडत नाही, मोजताना बोटाला अडते, बंडल बांधताना फुगते, पाकीट नुसतं उघडलं की कडेवरून फरफर मोजता आली पाहिजे.

त्याआधी रुपया चांदीचा होता, एक नग 11.66 ग्रॅमचा, शंभर रुपये झाले की किलोच्या वर वजन, ते खिशात काय बसणार, कमरेला कसा, म्हणजे पैशांची लांब पिशवी, बांधायचे नाहीतर थोडे असले तर धोतराच्या कनवटीला. इंग्रज सरकारने 1861 ला कागदी नोटांचा कायदा केला, तेव्हा कुठे आपल्याकडे सपाट पाकिटाला खरं काम मिळालं. घडीच्या आखूड पाकिटाचं कौतुक कार्डामुळे, कार्डाला साडेआठ सेंटिमीटर जागा पुरते. पण जपानमध्ये बघा, दहा हजार येनची नोट 16 सेंटिमीटरची आणि ती न दुमडता ठेवायची आवड, म्हणून तिथे लांब पाकीट अजून झोकात चालतं. अमेरिकेतले बुलेटछाप बाईकवाले तर त्याला साखळी लावून पट्ट्याला अडकवतात, पडायला नको म्हणून.

वापरा की बिनधास्त. फक्त पँटच्या मागच्या खिशात नको, अर्धं बाहेर डोकावेल आणि त्यावर बसलात तर कंबर बोलायला लागेल. कापलेली कड बघा, मधे निळसर करडा रंग दिसला तर बहुतेक क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं, आरपार तपकिरी असेल तर बाभळीच्या सालीसारख्या झाडपाल्यात कमावलेलं असणार, ते हाताळून हाताळून असं काही गडद चमकतं ना, की नवीन घेऊन ती मजा येतच नाही (माझं मत, घरात कुणाला पटत नाही). आपल्याकडच्या मे महिन्यात चामडं कोरडं पडून तडकतं, तेव्हा बिनरंगाचं लेदर क्रीम कापडाने अगदी थोडं चोळा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. शिवण उसवली असेल तर मोच्याकडून हातानेच घालून घ्या, मशीन जुन्या चामड्याला नवी भोकं पाडतं.

हजाराची नोट राहू द्या त्याच कप्प्यात. 2016 पासून ती चालत नाही, पण अशा बाद नोटा दहापर्यंत जवळ ठेवल्या तर कायद्याची आडकाठी नाही, तुमच्याकडे तर एकच आहे.