तिघांना सारखं द्यायचं, पण गोठ्याचे तीन भाग कसे करायचे?

प्रश्न: आमची शेती आणि दुधाचा धंदा आहे. थोरला मुलगा शिक्षण संपल्यापासून घरीच राबतो. धाकटा आणि मुलगी नोकरीनिमित्त बाहेर. "तिघांना सारखं," एवढं बोलून यजमान विषय मिटवतात. परवा सून म्हणाली, "उद्या आमचं काय?" ती लोभी आहे का?

ताई, सून लोभी नाही. जे सगळ्यांच्या मनात होतं ते ती बोलली, इतकंच.

तुमच्या पत्रात ओझरतं आलंय: दुधाचे पैसे यजमानांच्या खात्यात जातात आणि धंद्याच्या कर्जाला जामीनदार मात्र थोरला. म्हणजे जोखीम त्याची. मालकी नाही, पगारही नाही. इतक्या वर्षांची त्याची मजुरी त्या धंद्यातच मुरली आहे. ती हिशेबात न धरता केलेले तीन भाग मला तरी सारखे वाटत नाहीत.

शिवाय वाटणार काय? विहीर एकाकडे, गोठा दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे? भावंडांचे हिस्से बाजारभावाने घ्यायचे, तर थोरल्याच्या डोक्यावर एवढं कर्ज होईल की दुधातून व्याजही सुटणार नाही. शेतकरी घरांची हीच गोची असते, मालमत्ता मोठी आणि हातात रोकड नाही.

म्हणून जमीन आणि धंदा वेगळे धरा. धंद्यात थोरल्याला आत्ताच भागीदार करून घ्या, तेही लेखी. जमीन तिघांची ठेवून त्याला लांब मुदतीच्या कराराने कसायला देता येईल. किंवा जमीन त्याला आणि बाकी दोघांना ठेवी, विम्याची रक्कम, वर काही हप्त्याने. दोघांना धास्ती असणार की हा आज स्वस्तात घेईल आणि उद्या विकून मोकळा होईल. धास्ती रास्त आहे. वायव्य जर्मनीत १९४७ पासून लागू असलेल्या वारसा कायद्यात त्यावर तोड आहे: शेत एकाच वारसाकडे जातं, इतरांना बाजारभावापेक्षा बरीच कमी भरपाई मिळते, पण त्याने २० वर्षांच्या आत शेत विकलं, तर इतरांना त्या पैशात वाटा मागता येतो. अशी अट तुमच्या कागदात घालता येईल का, ते वकिलाला विचारा. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हेही त्याला आधीच सांगा. मृत्युपत्राने काय देता येतं ते त्यावर ठरेल.

आणि हो, हयातीत सगळं मुलांच्या नावावर करू नका. राहतं घर आणि दरमहाची ठराविक रक्कम, तुमच्यापैकी जो मागे राहील त्याच्यासाठी आधी पक्की करा. खात्याला नॉमिनी लावला की झालं, असंही समजू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

मृत्युपत्र म्हटलं की पुरुषमंडळी उठून जातात, त्यामुळे तो शब्दच काढू नका. यजमानांना एवढंच विचारा, "दोन महिने अंथरुणाला खिळलात, तर चेकवर सही कोण करणार?" ते विचारात पडले की तिन्ही मुलांना एकत्र बसवा. सुनेलाही.