'संत राजकुमारी आन्ना' की 'संत राणी आन्ना'?

काशिनच्या आन्ना या मध्ययुगीन रशियन स्त्रीचा उल्लेख मराठीत 'संत राजकुमारी' असा करणे योग्य आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते ते योग्य नाही. मराठीत राजकुमारी म्हणजे राजाची लेक. सासरी गेल्यावर ती राणी होते. रशियन भाषाही हा भेद काटेकोरपणे पाळते: अविवाहित लेक ती 'क्न्याझना' आणि पत्नी ती 'क्न्यागिन्या'. इंग्रजीत दोघींनाही 'प्रिन्सेस' म्हणतात, आणि इंग्रजीवरून मराठीत येताना नेमका तोच भेद गळून पडतो.

रोस्तोवचा राजा द्मित्री बोरिसोविच याची ही मुलगी १२९४ मध्ये त्वेर या रशियन राज्याचा राजा मिखाईल यारोस्लाविच याच्याशी विवाहबद्ध झाली, आणि तिचे नाव ज्यामुळे स्मरणात राहिले ते सारे त्यानंतर घडले. मंगोल-तातारांच्या सुवर्ण टोळीच्या खानाकडून सनद मिळाल्याखेरीज रशियन राजांना गादी टिकवता येत नसे. त्या खानाच्या छावणीत १३१८ मध्ये तिचा पती मारला गेला, १३२६ मध्ये मुलगा द्मित्री, आणि १३३९ मध्ये दुसरा मुलगा अलेक्सान्द्र व नातू फ्योदोर एकाच वेळी. पुढे ती जोगीण झाली आणि १३६८ मध्ये काशिन येथे वारली. पती आणि दोन मुलगे गमावलेल्या, नातवंडे असलेल्या स्त्रीला 'राजकुमारी' म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती भलतीच व्यक्ती. खानाच्या मर्जीवर चालणाऱ्या गादीला 'राणी' हा शब्द किंचित मोठा वाटेल हे मान्य. पण 'सरदारीण' म्हटल्यास पतीचे राज्यच नाहीसे होते. म्हणून 'त्वेरची राणी' हेच मला रास्त वाटते.

'संत' हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेला आहे, तो खुशाल वापरावा. मात्र 'अमुक साली संतपद मिळाले' एवढ्यावर वाक्य संपवू नये. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने १६५० मध्ये तिला संत म्हणून गौरवले. पण तिच्या अवशेषांतील हाताची बोटे दोन बोटांनी क्रूसाची खूण करण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे जुळलेली आहेत, असा दाखला 'जुने श्रद्धावंत', म्हणजे ही रीत बदलणाऱ्या चर्चच्या सुधारणांना विरोध करणारे लोक, देऊ लागल्यावर १६७७-७८ मध्ये तो गौरव काढून घेण्यात आला, आणि १९०९ मध्ये पुन्हा बहाल झाला. म्हणून लेखात '१९०९ मध्ये संतपद पूर्ववत झाले' असे लिहावे. नुसत्या 'मिळाले'ने मधली दोनशेहून अधिक वर्षे झाकली जातात.