ओकायामाला रुजू होण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जपानच्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. लहान गाव, एक माध्यमिक शाळा आणि आठवड्यातले दोन दिवस प्राथमिक शाळा, अशी विभागणी चांगली आहे. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ते कोराकुएन ओकायामा शहरातच आहे. पहिल्या मोकळ्या रविवारी तिथे जाऊन ये, परकेपणा थोडा ओसरेल.

काय काय सांभाळायचं, असं तू विचारलंस. बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगते. तिथे गोष्ट घडायच्या आधी सांगितलीस, तर सगळी शाळा मदतीला उभी राहते. ऐनवेळी सांगितलीस, तर चांगल्या माणसाचाही नाइलाज होतो. यासाठी त्यांचा शब्द आहे ‘होरेन्सो’. होकोकु म्हणजे झालेल्या कामाचं सांगणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे विचारून घेणं. पालकाच्या भाजीलाही जपानीत होरेन्सोच म्हणतात, त्यामुळे विसरायची नाहीस.

करार पुन्हा एकदा शांतपणे वाच. तुला गावाचं शिक्षण मंडळ थेट पगार देणार की मधली कंपनी, हे आधी बघ. कंपनी असेल तर आठवड्याचे तास किती लिहिलेत ते पाहा. २९.५ तास असा आकडा दिसला, तर आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये कंपनी वाटा उचलणार का, ते विचारून घे. पूर्वी अशा करारांत दोन्ही बहुधा आपले आपल्यालाच भरावे लागत; अजूनही तसं असेल, तर हातात येणारा पगार कागदावरच्यापेक्षा बराच कमी. ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्यांमुळे पगार कापणारे करारही असतात. ‘ग्योमु इताकु’ हा शब्द दिसला तर ते कामाचं कंत्राट. त्यात शाळेतल्या शिक्षकांनी तुला थेट सूचना देणं नियमात बसत नाही. मग वर्गात कोणी काही सुचवत नाही आणि नव्या माणसाला वाटतं, आपण कुणाला नको आहोत. तसं नसतं, त्यांचे हात बांधलेले असतात.

व्हिसाच्या कागदांत एक गोष्ट जप. शाळेत भाषा शिकवणाऱ्याचं त्याच भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. शाळा, ज्युनिअर कॉलेज, पदवी, प्रत्येक ठिकाणच्या दाखल्यावर ‘माध्यम इंग्रजी’ असं स्पष्ट लिहून घे. सेमी-इंग्रजीतून शिकलेल्यांचं इथे अडू शकतं. औषधांचंही बघ: स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानात नेता येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरतीच ने. जास्त लागत असतील तर निघण्याआधी तिथल्या सरकारकडून परवानगी काढावी लागते.

पैशाचं गणित पहिले तीन महिनेच अवघड असतं. घर स्वतः घ्यायचं असेल तर ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत, ‘रेइकिन’ म्हणजे मालकाला द्यायची न परतणारी रक्कम, दलाली, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी आणि पहिलं भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येतो. खोलीत बऱ्याचदा दिवे आणि गॅसची शेगडीसुद्धा नसते. पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना लागू शकतो. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत ‘शियाकुशो’त, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन रहिवासी कार्डावर पत्ता घालून घे. बँकेचं खातं, फोन, विमा सगळं त्या कार्डावरच्या पत्त्यावर अडतं. खात्यासाठी टपाल खात्याची बँक, ‘युचो’, सुरुवातीला सोयीची.

‘जूमिनझेइ’ हा रहिवासी कर नव्या माणसाला हमखास गाठतो. १ जानेवारीला तुझं नाव ज्या गावात नोंदलेलं असेल, ते गाव मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के कर जूनपासून घेतं. ऑगस्टमध्ये रुजू झालीस की आधीच्या वर्षीचे पाचच पगार धरले जातात, म्हणून पहिल्या जूनचा आकडा लहान असतो. पुढच्या जूनला पूर्ण वर्षाचा कर येतो आणि तेव्हा पंचाईत होते. दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा वेगळा टाक.

आता शाळा. दारातच ‘गेनकान’ असतो. बाहेरचे बूट तिथल्या कप्प्यात ठेवायचे आणि आतले बूट, ‘उवाबाकी’, घालून वर पाय ठेवायचा. बूट काढलेला पाय खालच्या फरशीला लागता कामा नये आणि आतला बूटही खाली उतरता कामा नये. दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते, तिथे बसून बदल. व्यायामशाळेसाठी तिसरा जोड लागू शकतो, आधी विचार. तुझं पाऊल २५ सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर बूट पुण्यातूनच घेऊन जा. लहान गावात बायकांचे मोठे जोड मिळत नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’ म्हण. निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’, म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. उपमुख्याध्यापकांना ‘क्योतो-सेन्सेइ’ म्हणतात. रजा, उशीर, आजारपण, सगळं आधी त्यांच्या कानावर गेलं पाहिजे.

माध्यमिकचा तास ५० मिनिटांचा, प्राथमिकचा ४५. माध्यमिक शाळेत वर्ग जपानी इंग्रजी शिक्षकांचा असतो, तू सहायक. त्या शिक्षकांना मधल्या दहा मिनिटांपलीकडे वेळ नसतो, म्हणून ‘आज काय करू?’ असा मोकळा प्रश्न नको. पान कोणतं, व्याकरणाचा मुद्दा कोणता, मला किती मिनिटं, आणि शेवटी मुलांना काय बोलता यायला हवं, असे चार नेमके प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेव. उत्तरं दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर येतात. कागद बहुतेक बी-४ आकाराचा असतो. प्रती काढताना रांगांप्रमाणे मोज, कारण पहिल्या बाकावर गठ्ठा दिला की मुलं तो मागे सरकवतात आणि एक कागद कमी पडला तरी खोळंबा होतो.

वह्या तपासताना जपून. आपल्याकडे बरोबरची खूण करतो ना, ती तिथे चुकीची खूण आहे. बरोबर उत्तराला लाल गोल, ‘मारू’, आणि चुकलेल्याला टिकमार्क. हाताची सवय इतकी पक्की असते की पहिल्या आठवड्यात तू वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाच्या वहीभर चुका दाखवशील आणि तो काही न बोलता सगळं खोडून टाकेल. घरी एका कोऱ्या कागदावर दोनशे गोल काढून बघ. लहान मुलांसाठी गोलाभोवती पाकळ्या काढतात, ती ‘हानामारू’. प्राथमिक शाळेत ती शिकूनच घे.

उच्चारांत तुला मराठीचा खरा उपयोग होईल. जपानी ‘र’ आपल्या ‘र’सारखाच, जिभेचं टोक वरच्या हिरडीला एकदाच लागून सुटतं. त्यामुळे मुलांना इंग्रजी ‘राइट’ आणि ‘लाइट’ दोन्ही एकच वाटतात. ऐकून फरक कळत नाही, म्हणून तो हाताने दाखव. एक तळहात टाळूसारखा वर धर, दुसऱ्याची बोटं जिभेसारखी. ‘एल’साठी बोटांची टोकं तळहाताच्या पुढच्या भागाला टेकवून तशीच ठेव आणि आवाज चालू ठेव, सुटायची घाई नको. ‘आर’साठी बोटं मागे वळव, पण तळहाताला कुठेच लागू देऊ नकोस, आणि ओठ थोडे गोल कर. आधी दोन मिनिटं नुसता आवाज, मग शब्द. दुसरी अडचण शब्दाच्या शेवटी चिकटणाऱ्या स्वराची, ‘डेस्क’चं ‘देसुकु’. त्यावर टाळी चालते: एक टाळी, एका झटक्यात सगळा शब्द. आणि तुझं स्वतःचं जपानी: ‘त्सु’ हा ‘चूल’मधल्या ‘चू’सारखा म्हण, मुलं चकित होतील.

‘कळलं का?’ असं कधी विचारू नकोस. सगळे मान हलवतील. उभं करून एकट्याला प्रश्न विचारलास की तो शेजाऱ्याकडे बघेल आणि वर्ग गप्प होईल. भीती इंग्रजीची कमी आणि सगळ्यांसमोर चुकण्याची जास्त असते. आधी सगळ्या वर्गाने एकत्र, मग अर्ध्या वर्गाने, मग जोडीने एक मिनिट, आणि मगच एकाने, या क्रमाने गेलीस की तोच मुलगा बोलतो. क्रम तोडायचा मोह होईल, विशेषतः वेळ कमी असताना. तोडू नकोस. अशा वेळी खेळ गाळ, जोडीचा मिनिट गाळू नकोस.

जेवण. ‘क्यूशोकु’ म्हणजे शाळेचं जेवण वर्गातच मुलांबरोबर घेतात, सोबत २०० मिलिलिटर दूध. तू शाकाहारी, तेव्हा हे रुजू होण्याआधी कळवायचं. ‘निकु नाशि’ म्हणजे मांस नको, एवढं म्हटलंस तर मासे येतील, कारण ‘निकु’त मासे धरत नाहीत. आणि मासे दिसले नाहीत तरी सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याचं ऑम्लेट, सगळ्यात ‘दाशी’ असतं. ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातऱ्यांचं. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, त्याच्या पुडीतल्या सॉसमध्येही माशाचा अर्क असतो. शाळेतून महिन्याचा ‘कोन्दातेह्यो’, म्हणजे जेवणाचा तक्ता, मागून घे. तुझी दाशीची मर्यादा कुठे, हे आधी स्वतःशी ठरव. पाळायचं असेल तर रोज डबा ने आणि वर्गातच बसून खा. डबा वेगळा असला तरी चालतं, जागा सोडून उठलेलं मात्र मुलांना खटकतं. घरी ‘कोम्बु’ या समुद्री वनस्पतीचं दाशी कर, ते शुद्ध शाकाहारी. राइसकुकरच्या मापात १८० मिलिलिटर तांदूळ बसतात, त्याला ‘गो’ म्हणतात. कुकरच्या भांड्यावरच्या रेघा त्याच मापाच्या आहेत, आपल्या वाटीच्या नाहीत. भात गिचका होतो तो इथेच. तूरडाळ गावात मिळणार नाही, भारतीय दुकानांतून घरपोच मागव.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सगळी शाळा झाडते-पुसते, त्यात तूही फडकं घे. घरच्या कचऱ्याचे वार आणि पिशव्या गावागणिक वेगळ्या. तक्ता दाराला लाव, पिशवी सकाळी ठेव, बाटलीचं झाकण आणि लेबल काढून ती विसळून टाक.

प्रवासासाठी रजा आधी माग. सहा महिन्यांनंतर पूर्णवेळ माणसाला कायद्याने वर्षाला १० दिवसांची पगारी रजा मिळते. ती परीक्षा आणि खेळांच्या दिवशी घेऊ नकोस. पर्यटकांचा जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास तुला मिळणार नाही, तो अल्पकाळ भेटीला आलेल्यांसाठी असतो. तुझ्या कामाचं तिकीट म्हणजे ‘सेइशुन १८’. वयाची अट नाही, शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात निघतं, साध्या आणि जलद जेआर गाड्यांना चालतं, शिनकानसेन या बुलेट ट्रेनला नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग ३ किंवा सलग ५ दिवसांचं आणि एकाच माणसासाठी झालं आहे. जुने सल्ले वाचून मधे दिवस सोडून किंवा मैत्रिणीबरोबर वाटून वापरायचं ठरवशील, तर फसशील.

ओकायामाला मात्र एक दुर्मीळ गोष्ट आहे: तोक्योला जाणारी ‘सनराइज’ ही रात्रीची झोपायची गाडी. शिकोकूतल्या ताकामात्सूहून आणि इझुमोहून आलेले दोन भाग ओकायामा स्टेशनात एकमेकांना जोडतात, साडेदहाच्या सुमारास गाडी निघते आणि सकाळी सातनंतर तोक्योला पोचते. त्यात ‘नोबिनोबि’ म्हणजे गालिचा घातलेली आडवं व्हायची जागा सगळ्यांत स्वस्त. गादी नाही, उशी आणि अंथरूण आपलं न्यायचं. तिकिटं बरोबर एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतात आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीची लगेच संपतात. जवळपास फिरायला उनो बंदरातून बोटीने वीस मिनिटांवर नाओशिमा बेट आहे. सोमवार टाळ, संग्रहालयं बंद असतात. बिझेन-इचिनोमियाहून सोजापर्यंतचा सुमारे १५ किलोमीटरचा सायकलरस्ता भातशेतीतून जातो. सायकल एका टोकाला भाड्याने घे, दुसऱ्या टोकाला परत कर. हेल्मेट घाल आणि छत्री धरून चालवू नकोस, तिथे तो गुन्हा आहे.

कुठूनही परतलीस की शिक्षकांच्या खोलीसाठी ‘ओमियागे’, म्हणजे प्रवासातला खाऊ, आण: प्रत्येकी वेगळ्या वेष्टनातले तुकडे, माणसांपेक्षा चार जास्त. पण भारतात येताना त्याहून महत्त्वाचं एक काम आहे. जपानच्या विमानतळावरून निघताना भरायच्या फॉर्मवर ‘विशेष पुनःप्रवेश’ या चौकटीत खूण कर आणि वर्षाच्या आत परत जा. ती चौकट कोरी राहिली तर व्हिसाच संपतो आणि सगळं पहिल्यापासून. तिथे खूण करायची म्हणजे आपलीच टिक चालते.

पुण्याहून परत जाताना लोणावळ्याची चिक्की ने, एकेक वडी वेगळ्या कागदात असलेली. खोक्यावर जपानीत चिठ्ठी लाव, ‘पीनात्सु इरि’, शेंगदाणे आहेत. ॲलर्जीच्या बाबतीत शाळा फार काटेकोर असतात, म्हणून खोकं शिक्षकांच्या खोलीतच राहू दे, वर्गात नेऊ नकोस.

कळावे.